दुकानातून शोभेचे मासे घ्यावेत का? गोव्यातून वारंवार येणारे प्रश्न

फिशटँकविषयी पूर्वी जे प्रश्न येत त्यांत फिल्टर कुठला आणि खाणं किती, यांचाच भरणा असे. आता "घेऊ की नको" असं विचारणारे वाढले आहेत. पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या वाचकांनी पुन्हा पुन्हा विचारलेलं इथे एकत्र केलं आहे आणि प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. दुकानातून मासे विकत घेणं मुळातच चुकीचं आहे का?

माझ्या मते नाही. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात: मासा आला कुठून, तो केवढा होणार, आणि उद्या तो तुम्हाला जड झाला तर जाणार कुठे. पहिलीचं उत्तर दुकानदाराने द्यायचं. दुसरीचं मोबाइलवर मिनिटभरात मिळतं. तिसरीचं फक्त तुमच्याकडे असतं, आणि गोव्यातल्या घराघरांत माशांचे जे हाल दिसतात ते बहुतेक या तिसऱ्या गोष्टीचा विचार न केल्यामुळे.

कुठलाही जीव काचेत ठेवणंच पाप, असं मानणारे वाचकही आहेत. प्रवाळावरून गेल्या महिन्यात उचललेल्या माशाबद्दल मला त्यांचं म्हणणं पटतं. पिढ्यान् पिढ्या टाक्यांतच जन्मलेल्या गप्पीबद्दल पटत नाही.

2. आम्ही रोज नुस्ते खातो. मग टाकीतल्या माशाचा एवढा विचार कशाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो बहुधा हसत हसत विचारलेला असतो. प्रश्न मात्र खरा आहे. बांगड्याच्या जिवाला टाकीतल्या फायटर माशाच्या जिवापेक्षा कमी मोल आहे, असं मी म्हणणार नाही. जाळ्यात सापडलेल्या माशाचा शेवट सुखाचा नसतो, हेही खरं.

फरक जबाबदारीचा आहे. ताटातला बांगडा शेवटच्या काही वेळापर्यंत समुद्रात स्वतःच्या बळावर जगलेला असतो. टाकीतला मासा मात्र पुढची पाच-दहा वर्षं पाणी, हवा, खाणं आणि जागा या सगळ्यांसाठी तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. तुम्ही त्याला घरी आणलं नसतं तर ही जबाबदारी तुमच्यावर आलीच नसती. मांसाहारी माणसाने आपला कुत्रा उपाशी बांधून ठेवला तर "तू कोंबडी खातोसच ना" म्हणून आपण त्याला सोडून देत नाही.

एक उदाहरण तर दोन्हीकडचं आहे. दुकानांत "शार्क" म्हणून बोटभर लांबीचा, चंदेरी, सतत पळणारा मासा मिळतो. तो पंगास. हॉटेलांत "बासा" म्हणून जो येतो, तोच. तो मीटरभराहून लांब वाढतो. कढीत पडलेला पंगास निदान तळ्यात, आपल्या जातीच्या घोळक्यात वाढलेला असतो. दोन फुटी टाकीतला काचेवर नाक आपटत राहतो. दोघांपैकी जास्त वाईट कुणाचं झालं, हे नुस्तेखाऊ वाचकांनीच ठरवावं.

3. माशांना वेदना होतात का? त्यांची स्मरणशक्ती तीन सेकंदांचीच असते ना?

तीन सेकंदांची गोष्ट निव्वळ थाप. खाणं घालणारा माणूस टाकीजवळ आला की मासे पुढे धावतात, हे टाकी असलेल्या कुठल्याही घरात दिसतं. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी क्लीनर रास या छोट्या समुद्री माशाला आरसा दाखवला, तेव्हा आपल्या अंगावरची खूण आरशात पाहून तो ती घासून काढू लागला.

वेदनेबद्दलचं गाजलेलं काम लिन स्नेडन यांचं, 2003 चं. ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल किंवा मधमाशीचं विष टोचल्यावर मासे डोलू लागले, ओठ खड्यांवर घासू लागले, बराच वेळ खाईनासे झाले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. याला "वेदना" म्हणावं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. तो मिटेपर्यंत "वेदना होतात" असं धरून वागण्यात आपलं काही बिघडत नाही.

4. गोव्यातल्या दुकानांत हे मासे येतात कुठून?

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केंद्रांतले असतात. भारतात चेन्नईतलं कोळत्तूर हे त्याचं मोठं केंद्र आहे, कोलकाता-हावडा परिसर दुसरं. मुंबईचा बाजारही मोठा आहे. पाण्यात घाण होऊ नये म्हणून माशांना पाठवण्याआधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, मग प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत घालून रवाना करतात. पणजी-मडगावच्या दुकानात पोहोचलेला मासा म्हणजे उपाशी, दमलेला, पाणी बदललेला जीव. घरी नेल्यावर चार दिवसांत मेलेले मासे अनेकदा या प्रवासानेच मेलेले असतात.

म्हणून दुकानात विचारायचं ते "किंमत किती" नव्हे, "हे कधी आले?" माल कालच उतरला असेल तर आठवड्याने जा. तोवर टिकलेला, खाऊ लागलेला मासा घ्या. दुकानदाराला हे आवडत नाही, पण तो नाही म्हणत नाही.

5. चांगलं दुकान ओळखायचं कसं?

तुम्हाला एखादा मासा विकायला नकार देणारं दुकान चांगलं. थट्टा नाही. "तुमच्या टाकीत हा मावणार नाही" किंवा "याच्यासोबत तो ठेवू नका" असं म्हणून हातचं गिऱ्हाईक सोडणारा माणूस सापडला, तर त्याच्याकडे दोन पैसे जास्त द्या.

तसा माणूस लगेच सापडत नाही, म्हणून नजर टाकीकडे. मेलेला मासा एखादा दिसू शकतो. सकाळी दिसलेला तोच मासा संध्याकाळीही तरंगत असेल तर मात्र निघा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मिटलेले पर, पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेणारी झुंड, हे सगळं एकाच टाकीत असूनही तिथूनच विक्री चालू असेल, तर बाकीच्या टाक्यांतले मासेही घेऊ नका. बऱ्याच दुकानांत जाळी एकच असते.

आणि एक प्रश्न विचाराच: "हा केवढा होईल?" उत्तर जर "टाकीएवढाच वाढतो" असं आलं तर समजून जा. मासा टाकी बघून वाढत नाही. साचलेल्या घाणीने आणि कोंडीने त्याची वाढ खुंटते आणि आयुष्य घटतं. दुकानातला सकर (काच चाटणारा) दीड फुटाच्या आसपास जातो, ऑस्कर फूटभर, साधा गोल्डफिशही वीतभराच्या पुढे जातो.

दुकानदाराचीही बाजू आहे. आपल्याकडची दुकानं छोटी, मालकच गल्ल्यावर बसलेला, मागणी असेल तेच आणणार. दर महिन्याला चार जण येऊन छोटे, शांत, गोव्याच्या पाण्यात टिकणारे मासे मागू लागले तर पुढच्या खेपेत ते येतात. मोठ्या शहरातल्या साखळी दुकानापेक्षा इथे गिऱ्हाइकाचा शब्द जास्त चालतो.

6. टाकी आणि मासे एकाच दिवशी घेतले तर बिघडतं काय?

मासे मरतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवरची टाकी माशांसाठी विषारी. हे माहीत असूनही चवथीच्या आदल्या दिवशी टाकी, खडे, दिवा आणि बारा मासे एकत्र विकणारा विक्रेता पुढच्या विक्रीची तजवीज करत असतो.

पाण्याबद्दल इतकंच: नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढणारं औषध वापरा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकलेलं असतं. टेट्रा, रासबोरा त्यात सुखी. मॉली आणि गप्पी कुढतात. पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीइतकाच आवश्यक समजा.

7. फायटर तर डबक्यात राहतो. मग बाउलमध्ये ठेवला तर काय झालं?

फायटरला हवेतून श्वास घेण्याचा खास अवयव असतो, म्हणून तो बरणीत लवकर मरत नाही. लवकर मरत नाही याचा अर्थ बरा आहे असा होत नाही. थायलंडच्या भातशेतांत तो उथळ पाण्यात राहतो, पण ते पाणी एकरभर पसरलेलं असतं. त्याला पंधरा-वीस लिटरची झाकण असलेली टाकी, एक संथ फिल्टर आणि लपायला झाडं द्या. गोल्डफिशसाठी बाउल कुठल्याही कारणाने नको.

केंद्राने 2017 मध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते, त्यांत माशांना बाउलमध्ये ठेवायला मनाई होती. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते मागे घेतले गेले. 2018 च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्याच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, पक्षी यांची नावं आहेत, माशाचं नाही. म्हणजे बाउलला मनाई करणारा तो नियम आज लागू नाही.

8. दुकानात एक मासा अगदी मरायला टेकला होता. त्याला वाचवायला विकत घेतला. चांगलं केलं ना?

तुमच्या मनाचं चांगुलपण मान्य, परिणाम उलटा. रिकामी झालेली बरणी पुढच्या आठवड्यात भरते, आणि तुम्ही दिलेल्या पैशांतूनच भरते. आजारी माल खपतो हे दुकानदाराला कळलं. त्याऐवजी मालकाला बाजूला घेऊन शांतपणे सांगा, की हे पाहून मी इथून काही घेणार नाही. तो मासा फुकट देत असेल तर न्या, पण महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. जत्रेत किंवा फेस्ताच्या फेरीत पिशवीत टांगलेल्या माशांनाही हाच न्याय. तिथे तर मालक पुढच्या वेळी सापडतही नाही.

9. "निमो" आणि "डोरी" घ्यावेत का? आणि कोरल?

खाऱ्या पाण्यात प्रश्न 4 चं उत्तर उलटं होतं. शोभेचे बहुतेक समुद्री मासे निसर्गातूनच पकडलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात त्यासाठी सायनाइड वापरल्याचा इतिहास आहे. मासा गुंगतो, हाती लागतो, आणि प्रवाळ मरतं. विष अंगात गेलेले मासे कित्येकदा पुढे आठवड्यांत मरतात.

निमो, म्हणजे क्लाउनफिश, याला अपवाद आहे. त्याची पैदास भारतात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलं आहे. पैदास केलेलाच घ्या, आणि दुकानदाराने नुसतं "हो हो, ब्रीड केलेला" म्हटलं तर बिल मागा. डोरी, म्हणजे ब्लू टँग, बंदिस्त पाण्यात वाढवण्यात फ्लोरिडातल्या संशोधकांना 2016 मध्ये यश आलं, पण बाजारातले बहुतेक अजून समुद्रातलेच. शिवाय तो फूटभर वाढतो. मी तो सुचवत नाही.

जिवंत प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्री घोडे यांच्याबद्दल तर मताचा प्रश्नच नाही. त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत 2001 पासून संरक्षण आहे. ग्रँड आयलंडला बुडी मारताना दिसलेला प्रवाळाचा तुकडा आणणं हा गुन्हा आहे. रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) समुद्री घोडा आला तर तो तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा.

10. म्हणजे निसर्गातला तो वाईट आणि पैदास केलेला तो चांगला, असं समजू का?

इतकं सोपं असतं तर हे पान अर्ध्यावर संपलं असतं. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतले कार्डिनल टेट्रा तिथले कोळी हातजाळ्याने पकडतात. नदी आणि भोवतीचं जंगल टिकलं तरच मासे मिळतात, म्हणून त्या लोकांना जंगल राखण्यात फायदा आहे. तिथला पकडलेला मासा घेणं मला गैर वाटत नाही.

उलट उदाहरण आपल्याच सह्याद्रीतलं. "मिस केरळ", लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा, फक्त केरळ-कर्नाटकातल्या पश्चिमघाटी नद्यांत मिळतो. परदेशी मागणीमुळे तो इतका उपसला गेला की आज धोक्यात आलेल्या जातींत त्याची गणना होते, आणि केरळ सरकारने 2008 मध्ये त्याच्या पकडीवर बंधनं घातली. तो आता पैदास करूनही मिळतो. तसा असेल तरच घ्या.

पैदास केलेल्यांतही घाण आहे. पारदर्शक अंगाच्या काचमाशाला सुईने रंग टोचतात. तो रंग काही महिन्यांत उडतो, मासा टिकला तर. पॅरट नावाचा मासा हा संकर असा, की अनेकांना तोंड नीट मिटता येत नाही. बलून मॉलीचा गोलमटोलपणा वाकड्या कण्यातून येतो. अंधारात चमकणारे जनुक-बदल केलेले मासे भारतात विक्रीला मंजूर नाहीत, तरी ते काउंटरवर दिसतात. यांतलं काहीही घेऊ नये, असं माझं ठाम मत.

11. मग विकत घ्यायचेच कशाला? व्हाळातले मासे आणून ठेवले तर?

अभयारण्यातले असतील तर तो विषय इथेच संपला. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, कुठेही मासा उचलणं बेकायदा. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे बाहेरही पकडू नयेत. ते अंडी घालायला निघालेले असतात.

बाकी ठिकाणी, डोक्यावर चकचकीत ठिपका असलेला छोटा पॅनचॅक्स दोन-चार आणले तर मी बोट दाखवणार नाही. आपल्या पाण्याला तो सरावलेला असतो आणि आपलं घर बदललं तर जिथून आणला तिथेच परत देता येतो. अट एवढीच, की तो मधल्या काळात दुकानातल्या माशांसोबत राहिलेला नसावा, नाहीतर तिथले रोग व्हाळात जातात. काळुंदर मात्र टाकीत नको. मानशीजवळच्या (खाजनाच्या पाणदरवाजाजवळच्या) मचूळ पाण्यात तो वीतभर होतो आणि तिथेच शोभतो.

12. मासा फार मोठा झाला. देवळाच्या तळीत किंवा मांडवीत सोडू का?

नाही. तळीतही नाही, नदीतही नाही, खाजनातही नाही. सोडणाऱ्याला वाटतं आपण मुक्ती दिली. परका मासा मरतो तेव्हा तो एकटाच मरतो, पण जगला तर तिथल्या माशांची अंडी आणि अन्न खातो. 2018 च्या केरळच्या पुरानंतर नद्यांत अरापैमा आणि ॲलिगेटर गार सापडले. ते कुणाच्या ना कुणाच्या तळ्यातून सुटलेले. सकर तर भारतात अनेक ठिकाणी पसरला आहे, आणि तो मच्छीमारांची जाळी फाडतो.

"विहिरीत डासांसाठी गप्पी सोडतात, ते चालतं मग?" असं लगेच विचारलं जातं. सरकारी मोहिमांत गप्पी वापरले गेले आहेत हे खरं, पण गोव्यात 1990 च्या दशकात मलेरियाविरुद्ध स्थानिक पॅनचॅक्सवर प्रयोग झाले आणि तो अळ्या उत्तम खातो असं दिसलं. बंद टाकी किंवा विहीर असेल तर तोच निवडा.

मोठ्या माशासाठी मार्ग तीनच: दुकानदार परत घेतो का ते पाहा (घेतानाच विचारून ठेवलेलं बरं), मोठी टाकी किंवा तळं असलेला माणूस शोधा, नाहीतर प्रश्न 15.

13. वास्तूसाठी अरोवाना ठेवायचा सल्ला मिळाला आहे.

भरभराट कुणाची होते ते मला माहीत आहे: सल्लागाराची. बाजारात बहुधा मिळतो तो चंदेरी अरोवाना, तीन फुटांपर्यंत वाढणारा. आशियाई अरोवाना धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तो बाळगणाऱ्याला 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि त्याला रोज जिवंत गोल्डफिश खायला टाकायचे असतील, तर या पानावरचे बाकीचे प्रश्न तुम्ही वाचलेच नाहीत. गोळ्या आणि कोलंबी खायला तो शिकतो.

कासवांबद्दलही इथेच. ताऱ्यासारखी नक्षी असलेलं किंवा आपल्याकडचं कुठलंही कासव विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. लाल कानाचं हिरवं पिल्लू अमेरिकेतलं. ते बशीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि शेवटी तळीत जातं.

14. दुकानात हाल चालले असतील तर तक्रार कुठे करायची?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 मध्ये "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, त्यामुळे मासाही त्यात येतो. तक्रार पोलिसांकडे किंवा प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेकडे करता येते. फक्त पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, तेव्हा फार आशा ठेवू नका. अनुसूचीतला जीव (प्रश्न 9 आणि 13) दिसला तर थेट वनखात्याला कळवा. तिथे शिक्षा तुरुंगाची आहे आणि खातं हालतं.

15. मासा बरा होणार नाही हे दिसतंय. काय करू?

शौचालयात टाकू नका आणि जिवंत फ्रीझरमध्येही ठेवू नका. लवंगेचं तेल थोड्या कोमट पाण्यात घुसळून माशाच्या भांड्यात हळूहळू मिसळलं की मासा आधी गुंगतो आणि मात्रा वाढवल्यावर मरतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास भांड्यातच ठेवा. जनावरांचा डॉक्टर माशांचं पाहत असेल तर आधी त्याला विचारा.

16. आमच्या गप्पींना पिल्लंच पिल्लं झाली. दुकानाला दिली तर मीही त्याच धंद्यात आलो ना?

आलात, आणि तसे यावेत. कोळत्तूरहून दोन दिवस पिशवीत आलेल्या गप्पीपेक्षा पर्वरीच्या घरातला, इथल्याच पाण्यात वाढलेला गप्पी दुकानात टिकतो. दुकानदार बहुधा रोख देत नाही, बदल्यात खाणं किंवा झाडं देतो. देण्याआधी वाकड्या कण्याची पिल्लं वेगळी काढा, आजारपण असलेल्या टाकीतलं काहीच देऊ नका. आणि जो प्रश्न 5 मध्ये नापास झाला त्याला देऊ नका. तुमची पिल्लं दरमहा नको इतकी होत असतील तर नर-मादी वेगळे करा. मादी एकदा फळली की पुढचे काही महिने नर नसतानाही विते, तेव्हा निकाल दिसायला धीर धरा.